सात आणि नऊ जयपालकडे

“मग ते दोन वर्ग कुठे आहेत?” गोगटेबाईंनी विचारलं.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. मी फळ्यासमोर उभी, हातात खडू, अंगावर आत्यानं मुद्दाम घेतलेली इरकली साडी. फळ्यावर आमच्या वर्षाची संख्या मी ठळक अक्षरांत लिहिली होती, ५,४५,९३,६४१, आणि तिच्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘ही मूळ संख्या आहे.’ तेवढं लिहून झाल्यावर टाळ्या पडल्या होत्या. त्या अजून माझ्या कानात होत्या.

“कुठले दोन वर्ग, बाई?”

“मूळ संख्येला चारने भागून बाकी एक उरत असेल, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच. तेरा म्हणजे चार अधिक नऊ. एकोणतीस म्हणजे चार अधिक पंचवीस. तुमच्या संख्येला चारने भागलं की एक उरतो. तेव्हा ती मूळ असेल तर तिचेही दोन वर्ग असले पाहिजेत. ते दाखवा.”

“ते काढले नाहीत, बाई. भागाकार पुरे आहेत असं वाटलं.”

“मी काढायला बसले होते,” बाई म्हणाल्या. “आठल्ये सरांनी संख्या मला आधीच कळवली होती. शेवटचा अंक एक आहे, म्हणजे ज्या दोन संख्यांचे वर्ग घ्यायचे त्यांतली एक पाचाच्या पटीतली हवी. तेवढ्याच तपासायच्या. मी सगळ्या तपासल्या, आणि मग पुन्हा तपासल्या. असे दोन वर्ग नाहीत. तेव्हा तुमची संख्या मूळ नाही.”

आठल्ये सर आमचे गणिताचे विभागप्रमुख. ते खुर्चीतून अर्धवट उठले. “मग तिचे अवयव कोणते, बाई?”

“मला ठाऊक नाही. या रीतीनं ते कळत नाहीत. संख्या फुटते एवढंच कळतं, कुठे फुटते ते नाही. पण सात हजार तीनशे अठ्ठ्याऐंशीच्या आत तिचा एक अवयव नक्की आहे. आणि या मुलीचं म्हणणं असं, की तिथवरच्या एकूण एक मूळ संख्येनं तिनं भागून पाहिलंय.” बाई माझ्याकडे वळल्या. “पाहिलंयत?”

तिसऱ्या रांगेत जयपाल बसला होता. त्यानं कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत मान हलवली. माझं नाव घेऊ नकोस, असं तो सांगत होता.

“पाहिलंय,” मी म्हणाले.

“एखादा चुकला असेल?”

“प्रत्येकाचा ताळा घेतलाय, बाई.” ताळा म्हणजे केलेला भागाकार उलटा गुणून पाहायचा. तो जुळला की चूक राहायला जागा नसते.

“मग एकच अर्थ उरतो,” बाई म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. “सगळे केलेले नाहीत. चुकलेला भागाकार मी समजू शकते. न केलेला भागाकार केला म्हणून सांगणारं माणूस मला माझ्याकडे नको.”

मी फळ्यावरची ती ओळ पुसली. पुसताना साडीभर खडूची भुकटी झाली. मग मी खाली उतरून पहिल्या रांगेसमोरून, सगळ्यांच्या नजरा चुकवत, बाहेर गेले.

हे सारं एका संख्येपायी का घडलं, ते सांगते. आमच्या कॉलेजात आठल्ये सरांनी एक प्रथा पाडली होती. दिवाळीची सुट्टी संपली की ते नोटीस बोर्डावर एक मोठी संख्या लावायचे. ती ते मनानं ठरवत नसत. एकेक अंक एकेका माणसाला विचारायचा. त्या वर्षी पहिला पाच प्राचार्यांनी दिला, चार ग्रंथपालांनी, नऊ व्यायामाच्या सरांनी, तीन कॅंटीनवाल्या शेट्टींनी. शेवटचा अंक तेवढा सर स्वतः देत, कारण तो सम किंवा पाच आला तर गंमतच संपली. अशी ही कुणाचीच नसलेली संख्या. एम. एस्सी.च्या मुलांनी तिचं जन्मकुंडलीसारखं सगळं काढायचं: मूळ की संयुक्त, कशाकशाची बेरीज, कुठल्या वर्गाच्या जवळ. फेब्रुवारीअखेरच्या संमेलनात ज्याचं काम सगळ्यांत नेटकं, त्यानं ते बाहेरच्या पाहुण्यांसमोर मांडायचं.

त्या वर्षी पाहुण्या म्हणून मद्रासच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. इंदुमती गोगटे यायच्या होत्या. मूळच्या वाईच्या, पण पंचवीसेक वर्षं तिकडेच. त्यांच्या हाताखाली संशोधनाची एक जागा रिकामी होती, आणि सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “त्रिशला, ही संख्या नीट मांडलीस तर ती जागा तुझी.”

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की सांगलीच्या बाजारपेठेतून जाताना मी मनात मद्रासच्या रस्त्यांवरून चालायची. पण माझं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कुणी ठरवलं असंही नाही. आमच्या जैनांत आत्याच्या घरी सून म्हणून जायची रीत, आणि मला एकुलती एक आत्या, तिला एकुलता एक मुलगा. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. वडिलांना, म्हणजे आप्पांना, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीतून सवड नसे. आत्या चार घरं पलीकडे, तिनंच मला दिवसभर आपल्या दारात वाढवलं. जयपाल चौगुले माझा आतेभाऊ, माझ्याच वर्गात, आणि पुढेमागे माझा नवरा. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं. गणित कळणारा नवरा मिळणं सोपं नव्हतं, आणि जयपालला ते कळत होतं.

संख्या लागली त्याच आठवड्यात तो म्हणाला, “एकटी करशील तर मेटाकुटीला येशील. सात हजार तीनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंतच्या मूळ संख्या म्हणजे नऊशेच्या वर भागाकार. वाटून घेऊया की.”

“कसे वाटायचे?”

“दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात नाहीतर नऊ असणार. एक आणि तीन तुझ्याकडे. सात आणि नऊ माझ्याकडे. निम्मे निम्मे.”

मला ही वाटणी इतकी आवडली, की मी मोठ्यानं हसले. “आणि नाव दोघांचं लावायचं,” मी म्हणाले.

“नको. मला कुठं मद्रासला जायचंय? अडत बघायचीय मामांची. तुझं एकटीचं लाव.”

“म्हणजे मी गेलेली चालेल तुला?”

“जा की. मी थांबतो. दोन वर्षांनी काय, चार वर्षांनी काय, आत्याचंच घर हाय ते, कुठं जातंय?”

हे वाक्य मी किती दिवस उराशी धरून झोपले असेन! मैत्रिणींना सांगायची. माझा जयपाल तसला नाही म्हणायची.

भागाकार सुरू झाले. मी खालून वर निघाले आणि जयपाल वरून खाली. “मोठ्यांचा कंटाळा येतो, ते आधी उरकतो,” तो म्हणाला. दर रविवारी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन झालं की आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. बाकीची जोडपी तिथं कशाबद्दल बोलत असतील कोण जाणे. आमचं बोलणं असं:

“कुठवर आलास?”

“साडेसहा हजारांच्या खाली उतरलो. एकही जात नाही. तू?”

“बाराशेच्या वर. माझाही जात नाही.”

आठवडे जात होते. आठ जणांनी सहज बोललेले आठ अंक, आणि त्यातून निघालेली संख्या कशानेच फुटत नव्हती. सरांच्या इतक्या वर्षांत एकदाही मूळ संख्या निघाली नव्हती. मध्येच एकदा मी जयपालला म्हणाले, “ही चारने भागून एक उरणारी आहे. हिचे दोन वर्ग शोधूया का? ते मिळाले तर आणखी खात्री.”

“कशाला?” तो एकदम म्हणाला. “भागाकार झाले की झालं. वर्ग म्हणजे नुसती शोभा. त्यात वेळ घालवलास तर संमेलनापर्यंत तुझ्या वाटणीचे पुरे व्हायचे न्हाईत.”

पटलं मला. त्याचं सगळंच पटायचं.

राहिले होते आप्पा. माझ्या मद्रासचा विषय निघाला की ते ताटावरून उठायचे. आणि संक्रांतीच्या दिवशी काय झालं कोण जाणे, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता स्वतःच म्हणाले, “त्रिशले, ती पाहुणी बाई यायचीय न्हवं? तिनं आपल्या तोंडानं ‘पोरीला पाठवा’ म्हटलं, तर जा. मी आडवा येणार न्हाई. आणि न्हाई म्हटलं, तर मुकाट्यानं वैशाखात बोहल्यावर उभी राहा. हाय कबूल?”

मी त्यांच्या पाया पडले. रडले. आप्पांनी मला पहिल्यांदा मोजायला शिकवलं ते हळदीच्या गाठींवर, मांडीवर बसवून. तेव्हापासून त्यांनी मला कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. बाई नाही म्हणतीलच कशाला, असं मला वाटलं. संख्या तर हातात आलीच होती.

तर त्या दिवशी मी हॉलमधून बाहेर पडले ती सरळ घाटावर जाऊन बसले. माझ्या मागोमाग जयपाल आला. ऊन चढलं होतं, खाली धुणं धुणाऱ्या बायकाही निघून गेल्या होत्या. तो शेजारी बसला. मी बोलतच होते. त्या बाईला काय कळतंय, वर्ग तपासताना तिचंच काहीतरी राहिलं असेल, असं काहीबाही. आणि मध्येच मला रडू फुटायचं.

“मला खोटारडी म्हणाली ती, जयपाल. सगळ्यांच्या देखत.”

“जाऊ दे गं.”

“सगळे केलेच नाहीत म्हणाली. माझ्या वाटणीचा एकेक मी ताळा घेऊन...”

“अगं, रडतीस कशाला?” त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. खरोखर मायेनं ठेवला, हे मी आजही म्हणेन. “एवढ्या ढिगातनं एक सहा हजार सहाशे सात नजरेतनं निसटला, म्हणून काय जग बुडालं? माणूसच हाय. चुकतं.”

मी डोळे पुसत होते. पुसता पुसता थांबले.

“किती म्हणालास?”

“काय किती?”

“आत्ता कुठला आकडा घेतलास?”

तो नदीकडे बघायला लागला. मी संमेलनाची आमंत्रणपत्रिका उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवून भागायला बसले. पाच कोटी पंचेचाळीस लाख त्र्याण्णव हजार सहाशे एक्केचाळीस, भागिले सहा हजार सहाशे सात. आठचा भाग गेला. मग दोनचा. मग सहाचा. मग तीनचा. खाली शून्य.

आजवर मी भागाकारात शून्य आलं की खूष व्हायची. त्या शून्याकडे बघवेना.

“बाईंना अवयव माहीत नाही,” मी म्हणाले. “सरांना नाही. हॉलमध्ये कुणालाच नाही. हॉलपासून तू माझ्या मागंच आहेस. मग तुला कसा माहीत?”

“अंदाजानं बोललो.”

“सहा हजार सहाशे सात अंदाजानं?”

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

“शेवटी सात आहे. तुझ्या वाटणीचा. वरून खाली येत होतास, म्हणजे सुरुवातीलाच सापडला असणार. कधी सापडला?”

“त्रिशू...”

“कधी?”

“संक्रांतीच्या आधी.”

“आणि त्यानंतर दर रविवारी इथं बसून मला सांगत होतास, एकही जात नाही म्हणून. मला वर्ग शोधू दिले नाहीस. तुझं नाव लावू दिलं नाहीस. आज सकाळी मी ‘पाहिलंय’ म्हणाले ना, तुला वाचवायला म्हणाले ते. आणि तू मान हलवून बसून राहिलास.”

“तू गेली असतीस,” तो म्हणाला. इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. “तू गेली असतीस आणि आली नसतीस. मला ठाऊक हाय तू कशी हाईस ते. थांबतो म्हणायला काय जातंय? पण थांबून काय मिळणार होतं मला?”

“मग जाऊ नको म्हणायचं होतंस! तोंड होतं ना तुला? भांडायचं होतंस. अवयव सापडला हे सांगितलं असतंस तर मी तेच नीट मांडलं असतं, फुटणारी संख्या मांडायला काय बंदी होती? मला उभं केलंस तिथं खोटी म्हणून.”

“लगीन झालं की विसरशील सगळं.”

केसानं गळा कापणं म्हणजे काय हे मला त्या वाक्यावर कळलं. तो चिडला नव्हता, ओशाळला नव्हता. लग्नाच्या साडीचा रंग ठरवल्यासारखं शांतपणे सांगत होता. मी उठले. त्यानं हाक मारली, मी वळून पाहिलं नाही.

गोगटेबाई कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत सामान बांधत होत्या. मिरजेहून संध्याकाळची गाडी होती. मला दारात पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी आमंत्रणपत्रिका पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, टेबलाशी बसल्या, आणि माझ्या भागाकाराकडे न बघता स्वतः सहा हजार सहाशे सातला आठ हजार दोनशे त्रेसष्टनं गुणलं.

“जुळतंय,” त्या म्हणाल्या. “कुणी काढला?”

“माझ्या आतेभावानं. आम्ही वाटून घेतले होते. एक आणि तीन शेवटी असलेले माझे, सात आणि नऊ शेवटी असलेले त्याचे. त्याला जानेवारीतच सापडला होता. त्यानं मला सांगितलं नाही.”

“सकाळी का बोलला नाहीत?”

“सकाळी मलाही ठाऊक नव्हतं. आणि त्याचं नाव घेतलं नाही, कारण त्यानं नको म्हणून मान हलवली.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमचं त्याच्याशी लग्न ठरलंय का?”

“हो.”

“हं,” त्या म्हणाल्या. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली. “दोन्ही अवयवांना चारने भागा बघू.”

भागलं. दोन्हीकडे बाकी तीन.

“म्हणून वर्ग सापडले नाहीत मला. बाकी तीन उरणाऱ्या मूळ संख्येला दोन वर्ग कधीच मिळत नाहीत. पण अशा दोघी एकमेकींशी गुणल्या की गुणाकाराची बाकी एक येते, आणि वरवर बघणाऱ्याला ती चांगली सरळ संख्या वाटते. तुम्ही फसलात यात नवल नाही.” त्यांनी चष्मा काढला. “सकाळचे माझे शब्द मी मागे घेते. हॉलमध्ये बोलले होते, तेव्हा हॉलमध्येच मागे घ्यायला हवेत. आठल्ये सरांना तसं सांगून जाते, ते सोमवारी सगळ्यांसमोर सांगतील. आणि जागा तुमची. जूनमध्ये या. वसतिगृहासाठी वडिलांची सही लागेल तेवढी.”

“बाई, एक विचारू? माझ्या वडिलांसाठी. ‘पोरीला पाठवा’ असं तुम्ही म्हणता आहात, असं मी त्यांना सांगू?”

त्या पहिल्यांदाच हसल्या. “सांगा. गोगटेबाई स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, म्हणून सांगा.” आणि सहीचा कागद त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिला.

घरी आले तेव्हा आप्पा जेवायला बसले होते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळे ते अडतीवरून लवकर आलेले. मी हातपाय धुतले नाहीत, पाटावर बसले नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हॉल, बाई, घाट, जयपालला सापडलेला अवयव, त्यानं तो लपवलेला. मला वाटत होतं, आप्पा आत्ता ताट सरकवतील. बहिणीकडे जातील. त्या पोराचा कान धरून त्याला माझ्यासमोर आणून उभा करतील. भाचा असला म्हणून काय झालं, मी त्यांची मुलगी होते.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

“त्यानं सांगितलं तुला?”

“तोंडून निसटलं त्याच्या.”

“गाढव हाय,” आप्पा म्हणाले. “त्याला म्हटलं होतं, लगीन होईस्तोवर तोंड उघडू नगंस.”

मला आधी कळलंच नाही. मी तशीच कागद पुढे धरून उभी होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी आला होता अडतीवर. मामा, आकडा फुटला, म्हणाला. त्रिशलेला सांगू का, म्हणाला. पोराच्या मनात सांगायचं होतं, खोटं कशाला बोलू. मीच म्हटलं, नगं. राहू दे तसंच. पाहुणी येईल, बघंल, न्हाई म्हणंल, आणि घरातलं घरात राहील.”

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी,” मी म्हणाले. “आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिळगूळ देऊन शब्द दिलात.”

“दिला.”

“आकडा फुटतो हे माहीत होतं म्हणून दिलात.”

आप्पांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. कळवळा होता, आणि तोच मला सोसवेना. “पोरी, तुझी आई गेली तवापास्नं या घरात मी हाय आणि तू हाईस. तू आत्याकडं गेलीस तर चार घरं पलीकडं. मद्रास कुठं? मला कोण हाय? तुला नको म्हटलं असतं तर तू वैरी झाली असतीस माझी. असं झालं असतं तर त्या बाईवर गेलं असतं सगळं. तुझा माझ्यावर राग राहिला नसता.”

“बाई हो म्हणाल्या आहेत, आप्पा. स्वतःच्या तोंडानं. पोरीला पाठवा म्हणाल्या.” मी कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. “तुम्ही शब्द दिला होतात.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं. त्यांना जेवण संपवायची घाई होती, आणि त्यांनी ते संपवलं. मग ताटात हात धुतला, आणि ओल्या हाताचं पाणी लागू नये म्हणून कागद नीट उचलून बाजूला, फडताळात ठेवला.

“मी सही करणार न्हाई,” ते म्हणाले.

मी मद्रासला गेले नाही. बिनसहीचं जाण्याएवढं बळ तेव्हा माझ्यात नव्हतं, आणि त्या काळी कुठल्या मुलीत होतं? पण आत्याच्या घरीही गेले नाही. आत्या आली, रडली, पदर पसरला. मी तिला चहा करून दिला आणि नाही म्हणाले. जयपालनं पुढच्या वर्षी कोल्हापूरची मुलगी केली. आठल्ये सरांनी सोमवारी वर्गात सगळं सांगितलं, आणि पुढे मला त्याच विभागात शिकवायला घेतलं.

आप्पा त्यानंतर पुष्कळ जगले. त्यांना मी वेळेवर वाढलं, त्यांची दुखणी काढली, रात्री उशाशी बसले. गल्लीत अजून म्हणतात, लेक असावी तर अशी. पण त्या संध्याकाळनंतर त्यांचा एकही शब्द मी तपासल्यावाचून घेतला नाही. डॉक्टरांनी दोन गोळ्या सांगितल्यात म्हणाले, तर मी चिठ्ठी काढून वाचायची. पाच वाजले म्हणाले, तर आत जाऊन घड्याळ बघायची. त्यांना ते कळत होतं. शेवटी शेवटी खाटेवरून ते म्हणायचे, “त्रिशले, पाऊस आलाय गं बाहेर.” आणि मी उठून, दार उघडून, हात बाहेर काढून बघेपर्यंत तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे.